चुकलेल्या तारखा : प्लेगचा कायदा, परळची ओपीडी आणि २०२०ची टाळेबंदी

परळला पहाटेच्या लोकलने उतरणाऱ्या गर्दीत नोकरदारांपेक्षा वेगळी अशी काही माणसे असतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल, एक्स-रेचे मोठे पाकीट, खांद्याला डब्याची पिशवी. कसारा, कर्जत, डहाणूकडून अंधारात निघालेली ही माणसे केईएम, टाटा किंवा वाडियाच्या वाटेला लागतात. केसपेपर काढायचा, बाकावर नंबराची वाट पाहायची आणि तपासणी झाली की कागदाच्या कोपऱ्यात पुढची तारीख लिहून घ्यायची. दीर्घ आजार असलेल्या घराचे सगळे वेळापत्रक त्या तारखेभोवती लागलेले असते. ‘त्या दिवशी आईची तारीख आहे’ म्हटले की नात्यातल्या लग्नालाही कोणी आग्रह करत नाही.

२२ मार्च २०२०च्या रात्री मुंबईची लोकल प्रवाशांसाठी थांबली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. रुग्णालये बंद नव्हती. वैद्यकीय कारणासाठी बाहेर पडायला परवानगीही होती. पण अंबरनाथच्या माणसाला परळला पोचवणारी गाडी नव्हती आणि रिक्षा-टॅक्सी रस्त्यावर नव्हत्या. जिल्ह्याची हद्द ओलांडायची तर ई-पास लागत होता. परवानगी कागदावर होती, वाट मात्र बंद होती. जूनच्या मध्यावर लोकल पुन्हा धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. साथ आवरण्यासाठी काय काय थांबवायचे याची यादी प्रशासनाकडे पहिल्या दिवसापासून तयार होती. ज्याला दर सोमवारी, गुरुवारी किंवा दर एकविसाव्या दिवशी रुग्णालयात जायलाच हवे, त्याचे काय, याचे उत्तर मात्र त्या यादीत नव्हते. ते का नव्हते हे समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. तो १८९७चा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश सरकारने तो केला, तो मुंबईच्या प्लेगसाठी. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती, आणि वखारी म्हणजे उंदीर. उंदरावरच्या पिसवांतून रोग पसरतो हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून गटारे धुतली गेली, घरांना चुना लागला, सामान जाळले गेले आणि संशयितांना उचलून रुग्णालयात नेले जाऊ लागले.

लोकांनी त्याला दोन उत्तरे दिली. पहिले म्हणजे शहर सोडणे. १८९१च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या आसपास असलेल्या मुंबईतली जवळपास निम्मी वस्ती १८९७च्या सुरुवातीपर्यंत निघून गेली होती. दुसरे उत्तर संतापाचे होते. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण आत गेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत पक्की झाली होती. आज तेच रुग्णालय कस्तुरबा म्हणून ओळखले जाते. मार्च २०२०मध्ये मुंबईतल्या पहिल्या कोरोना रुग्णांना ठेवले गेले ते इथेच. लोकांच्या मनातली रुग्णालयाची भीतीही तेवढीच जुनी आहे.

पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर रँडने घरतपासणीला गोरे सैनिक लावले. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी चारचौघांत झाली. २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या हे प्रत्येक मराठी मुलाला शाळेत शिकवले जाते. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्याबाहेर डॉ. यशवंत फुले यांनी उभारलेल्या दवाखान्यात मुंढव्याचा एक आजारी मुलगा पाठीवरून आणताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. मला ही घटना इथे फार महत्त्वाची वाटते. रुग्णाला दवाखान्यापर्यंत पोचवायचे कसे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन सोडवला होता.

या वातावरणात झालेला कायदा जेमतेम चार कलमांचा आहे. सरकारला हवी ती तात्पुरती बंधने घालता येतील, प्रवाशांची तपासणी करता येईल, संशयितांना वेगळे ठेवता येईल. बंधने मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालणार नाही. साथीखेरीज दुसऱ्या कशाने आजारी असलेल्या माणसाचा त्यात उल्लेख नाही.

केवळ परकी सरकारची बेफिकिरी म्हणून हे सोडून देता येणार नाही. १८९७मध्ये ‘तारीख’ असलेला रुग्ण जवळपास अस्तित्वातच नव्हता. इन्सुलिनचा शोध १९२१चा, क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४०च्या दशकातले, डायलिसिस आणि केमोथेरपीची सुरुवातही त्याच दशकातली. मधुमेह झालेले मूल वाचत नसे, मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस काही दिवसांत जाई. वर्षानुवर्षे उपचार घेत जगणारा, ठरलेल्या दिवशी रुग्णालयाच्या दारात उभा राहणारा रुग्ण ही विसाव्या शतकाची देणगी आहे. केईएम १९२६चे, टाटा रुग्णालय १९४१चे. त्यांच्या शेजारी हाफकिन संस्था आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आली. परळच्या त्या दोन-तीन रस्त्यांवर साथीचे औषध आणि दीर्घ आजाराचे औषध शेजारी शेजारी वाढले. कायदा मात्र पहिल्याच्याच काळात थांबला. २०२०च्या एप्रिलमध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा देण्यासाठी. ती गरजेची होती. तारीख चुकलेल्यांसाठी तेव्हाही काही आले नाही.

मधल्या साथींनी हा प्रश्न पुढे आणलाच नाही. १९१८चा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून शिरला आणि पावसाळ्यानंतर भयंकर होऊन परतला. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभर सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे गेली. तेव्हा नियमित उपचार होतेच कुठे, की ते खंडित व्हावेत? २००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, एका शाळकरी मुलीचा. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या आणि दुचाकीवर तोंडाला बांधला जाणारा पुणेरी स्कार्फ दुकानात, बँकेतही उतरेनासा झाला. पण ती बंदी आठवड्या-दोन आठवड्यांची होती. पुढे ढकललेली तारीख त्याच महिन्यात मिळून गेली.

२०२०मध्ये तसे झाले नाही, आणि गाडी हे त्याचे एकच कारण नव्हते. मुंबईतले नायर रुग्णालय पूर्णपणे कोरोनासाठी राखले गेले. त्यामुळे तिथे वर्षानुवर्षे फाइल असलेल्या रुग्णांना दुसरे दार शोधावे लागले. गल्लीतले डॉक्टर, ज्यांच्याकडे रक्तदाब मोजून महिन्याच्या गोळ्या लिहून घ्यायच्या, त्यांतले अनेक साठीच्या पुढचे. त्यांनी दवाखाने बंद ठेवले. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्यातले कितीतरी जण त्या पहिल्या लाटेत दगावले. जी रुग्णालये उघडी होती ती दाखल करून घेण्याआधी स्वॅबचा निगेटिव्ह अहवाल मागत आणि तो यायला दोन-तीन दिवस जात.

डायलिसिसवरच्या माणसाला ते दोन-तीन दिवस परवडत नाहीत. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी चार-चार तास रक्त यंत्रातून फिरवून आणायचे. एक वार चुकला की शरीरात पाणी साठते, पोटॅशियम वाढते, आडवे पडले की दम लागतो. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. त्याच वेळी महाविद्यालये आणि कार्यालये बंद असल्याने रक्तदान शिबिरे थांबली होती. रक्तपेढीच्या फळ्यावर गट लिहिलेला होता, पिशवी नव्हती.

कॅन्सरचे आकडे स्पष्ट आहेत. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांतली मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची नोंद आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिली गेली. नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली, फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी. नव्या नोंदणीतली घट मला सर्वांत भयंकर वाटते. कॅन्सर होण्याचे प्रमाण काही त्या तीन महिन्यांत निम्म्यावर आले नव्हते. गाठ घरातच होती, लाज, भीती आणि बंद रस्ते यांच्याआड. टाटा रुग्णालयाने मात्र दार बंद केले नाही. २३ मार्च ते ३० एप्रिलदरम्यान तिथे कॅन्सरच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतला एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. काळजी घेऊन काम चालू ठेवता येते, हे टाळेबंदीच्या पहिल्या दीड महिन्यातच सिद्ध झाले होते.

फोनचाही आधार मिळाला. २५ मार्चलाच केंद्राने दूरवैद्यकीय सल्ल्याची नियमावली प्रसिद्ध केली. फोनवरून औषध लिहून देणे नियमात बसते की नाही, हा डॉक्टरांचा जुना धाक त्यामुळे गेला. एप्रिलमध्ये ई-संजीवनीची ऑनलाइन ओपीडी सुरू झाली. साखरेचा अहवाल व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि गोळी अर्धी करायची की पूर्ण हे विचारायचे, हे कितीतरी आजी-आजोबांना नातवंडांनी शिकवले. गावाकडच्या माणसाची परळची एखादी खेप वाचली, तीही कायमची. पण स्तनातली गाठ फोनवर चाचपता येत नाही, गर्भवतीच्या पोटावर हात ठेवता येत नाही, केमोची सलाइन लावता येत नाही.

क्षयरोगाचे तर दोन्ही बाजूंनी नुकसान झाले. क्षय ओळखणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रे कोरोना तपासणीला गेली, कर्मचारीही गेले. खोकला आला तरी लोक सांगेनात, सांगितले तर विलगीकरणात नेतील ही धास्ती. २०१९मध्ये देशात क्षयाच्या २४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. २०२०मध्ये ती १८ लाखांवर आली. म्हणजे सहा लाख कमी. त्या काळात सगळे कुटुंब एका खोलीत दिवसरात्र बसून होते, आणि उपचाराविना राहिलेला क्षयरुग्ण वर्षभरात निकटच्या पाच ते पंधरा जणांना लागण देऊ शकतो. नोंद पुन्हा २४ लाखांवर पोचायला २०२२ उजाडले.

बाळांच्या तारखा सर्वांत शांतपणे चुकल्या. दीड, अडीच, साडेतीन महिने आणि मग नववा महिना, गोवराचा. पहिल्या टाळेबंदीत अंगणवाड्या बंद होत्या, आशाताई घरोघर सर्वेक्षणात अडकल्या होत्या, आणि आया बाळाला घेऊन दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हत्या. केंद्राने १४ एप्रिलला लसीकरणासह आवश्यक सेवा चालू ठेवण्याची सूचना काढली, तरी चुकलेले डोस सगळीकडे भरून निघाले नाहीत.

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराचा उद्रेक झाला. पुढे भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण वाढले. मुले दगावली. आजारी पडलेल्यांपैकी बऱ्याच मुलांना गोवराच्या लशीचा एकही डोस मिळालेला नव्हता. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्याचे ठरले आणि आरोग्य कर्मचारी गल्लीगल्लीत फिरून प्रत्येक घरात लसीकरणाचे कार्ड मागू लागले. नवव्या महिन्याच्या चौकोनात तारीख आहे का, तेवढेच त्यांना पाहायचे होते.