डार्बीशरमधील वाडे आणि निसर्गवारसा

इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या डार्बीशर परगण्यात सरदार घराण्यांचे जुने वाडे, त्यांच्या बागा आणि उत्तरेकडच्या पीक डिस्ट्रिक्टची पठारे पाहायला जाण्याची प्रथा बरीच जुनी आहे. आजचा पर्यटक सकाळी वाडा पाहतो आणि दुपारी डोंगर चढतो. त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पूर्वी मात्र दोन्हींचा मालक बऱ्याचदा एकच असे. वाड्याचे दार अठराव्या शतकापासून अनोळखी पाहुण्यालाही उघडत होते, पण डोंगरावर मोकळेपणी फिरता यावे म्हणून लोकांना तुरुंगात जावे लागले.

वाडा दाखवण्याची रीत कशी होती, हे केडल्स्टन हॉलमध्ये चांगले समजते. नॅथॅनिएल कर्झनने १७५९ पासून हा वाडा उभारायला घेतला आणि पुढे त्याचे काम वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमकडे आले. आपले वैभव लोकांनी येऊन पाहावे हा हेतू पहिल्यापासूनच होता. पाहुण्यांना दालने दाखवण्याचे काम मिसेस गार्नेट ही घरची मुख्य कारभारीण करी. तिचे तैलचित्र आजही वाड्यात आहे आणि त्यात तिच्या हातात वाड्यातील चित्रांची यादी दिसते. मालकांच्या तसबिरींच्या गर्दीत नोकरदार बाईची तसबीर असणे हे त्या काळी दुर्मीळच. इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन १७७७ मध्ये इथे येऊन गेले. संगमरवरी दालनातले वीस उंच खांब पाहून ते भारावले नाहीत. ही इमारत नगरभवन म्हणून छान शोभेल, असा शेरा त्यांनी मारला.

या वाड्याचे भारताशी दुहेरी नाते आहे. कोलकात्याचे राजभवन (१८०३; आताचे लोकभवन) केडल्स्टनच्या नकाशावर बेतलेले आहे. गंमत अशी की मूळ वाड्याच्या चार नियोजित उपइमारतींपैकी दोनच बांधून झाल्या. चारही पुऱ्या झाल्या त्या कोलकात्यात. पुढे याच घराण्यातला लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन (१८९९–१९०५) त्या प्रतिकृतीत राहायला गेला. त्याने आशियातून जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय केडल्स्टनमध्ये आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही इथेच आहे. त्यावरचे जरीकाम भारतीय कारागिरांचे असून प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या चमकदार पंखाचा तुकडा टाकला आहे. भारतात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा कर्झननेच आणला. मायदेशी परतल्यावर लिंकनशरमधील टॅटरशॉल किल्ला त्याने विकत घेऊन वाचवला आणि ब्रिटनच्या १९१३ च्या स्मारक कायद्यामागेही तो होता. बंगालच्या फाळणीमुळे आपल्याकडे त्याचे नाव कटूच राहिले, तरी स्मारकांच्या बाबतीत त्याचा पुढाकार नाकारता येत नाही.

परगण्यातला सर्वांत प्रसिद्ध वाडा म्हणजे डरवेंट नदीकाठचा चॅट्सवर्थ. कॅव्हेंडिश घराण्याने ही जागा १५४९ मध्ये घेतली. आज दिसणारी इमारत मुख्यतः पहिल्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने १६८७ नंतर बांधलेली आहे. १८४९ मध्ये जवळच्या राउझलीपर्यंत रेल्वे आली आणि त्या उन्हाळ्यात सुमारे ८०,००० माणसे वाडा पाहून गेली. सहाव्या ड्यूकचा हुकूम होता की येणारा कोणीही असो, कारंजी सर्वांसाठी सुरू करायची. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने इथे काचगृहे बांधली आणि त्याच अनुभवातून पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस हा काचमहाल उभा केला. १८४४ मध्ये त्याने केलेल्या एम्परर कारंज्यात पंप नाही. वरच्या टेकडीवर खास खोदलेल्या तळ्याचे पाणी उतारावरून येते आणि केवळ त्या दाबाने सुमारे ९० मीटर उंच उडू शकते.

पॅक्स्टननेच इथल्या काचगृहात १८३० च्या दशकात एक बुटकी केळ वाढवून फळाला आणली आणि तिला मालकाच्या घराण्याचे नाव दिले. जळगाव-रावेरच्या बागांतली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सगळी केळी त्याच कॅव्हेंडिश गटात मोडतात. तेव्हा खानदेशी पाहुण्याला चॅट्सवर्थ अगदीच परके वाटायचे कारण नाही.

विसाव्या शतकात वाडे उघडे राहिले ते हौसेपेक्षा करापायी. दहावा ड्यूक १९५० मध्ये वारला तेव्हा इस्टेटीवर ८० टक्के वारसाकर लागला. तो फेडताना जमिनी आणि चित्रे गेलीच, शिवाय घराण्याचा दुसरा वाडा हार्डविक हॉलही सरकारला द्यावा लागला. १९५९ मध्ये तो वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. ‘भिंतींपेक्षा काचाच जास्त’ अशी हार्डविकची ख्याती आहे. काच महाग असण्याच्या काळात, १५९० च्या दशकात, चार लग्ने करून गडगंज झालेल्या बेस ऑफ हार्डविक या बाईने तो बांधला आणि छतावरच्या मनोऱ्यांवर आपली आद्याक्षरे दगडात कोरून बसवली. लांबूनही ती वाचता येतात; नम्रता हा तिचा गुण नव्हता.

हॅडन हॉल वाचला तो दुर्लक्षामुळे. मालक दुसरीकडे राहायला गेल्याने सुमारे दोनशे वर्षे तो रिकामा होता, त्यामुळे मध्ययुगीन रूप बदलायला कोणी आलेच नाही. कॅल्क अ‍ॅबीची कथा याहून मजेशीर. हार्पर-क्रू घराणे विक्षिप्त आणि काहीही टाकून न देणारे. १९८५ मध्ये वाडा ट्रस्टच्या हाती आला तेव्हा खोल्या भुसा भरलेल्या पक्ष्यांनी, खेळण्यांनी आणि अडगळीने खचाखच भरलेल्या होत्या. अठराव्या शतकातले पलंगाचे चिनी रेशमी पडदे पेटीतून निघाले. त्यांना ऊन लागलेच नव्हते, त्यामुळे रंग अगदी ताजे होते. ट्रस्टने छत आणि भिंती भक्कम केल्या, पण पोपडे आलेला रंग तसाच ठेवला. चकचकीत केलेल्या पाच वाड्यांपेक्षा हा एक जास्त सांगून जातो.

आता डोंगराकडे. किंडर स्काउट (६३६ मीटर) हे पीक डिस्ट्रिक्टचे सर्वांत उंच पठार, एका बाजूला मँचेस्टर आणि दुसऱ्या बाजूला शेफील्ड. गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी होती, पण ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी पठार राखीव होते आणि त्यातला मोठा भाग ड्यूक ऑफ डेव्हनशरचा होता. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने काही शे लोक हेफील्डहून मनाई मोडून वर चढले. राखणदारांशी झटापट झाली, धरपकड झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. शिक्षा इतकी कडक झाली की तिनेच लोकमत पेटले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि खुल्या पठारांवर पायी फिरण्याचा हक्क २००० च्या कायद्याने मिळाला. २००२ मध्ये, घटनेच्या सत्तराव्या वर्षी, अकराव्या ड्यूकने आजोबांच्या काळातल्या त्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

किंडरला जायला मँचेस्टर-शेफील्ड मार्गावरील ईडेल स्टेशन सोयीचे. वरती पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, काळी, भिजलेली जमीन आहे. धुके उतरले की सरावलेलेही वाट चुकतात. मार्च ते जुलै हा पक्ष्यांच्या विणीचा काळ, तेव्हा कुत्रा दोरीनेच न्यावा लागतो. दक्षिणेकडे चुनखडीचा प्रदेश लागतो: डव्हडेलची दरी, कॅसल्टनच्या गुहा, तिथे सापडणारा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा ब्लू जॉन दगड. शेजारचा मॅम टॉर डोंगर सतत घसरत असतो. त्याच्या पायथ्याचा मोठा रस्ता पुन्हा पुन्हा खचला आणि अखेर १९७९ मध्ये वाहनांना बंद केला. डांबराचे ते तुटके थर आज लोक मुद्दाम पाहायला जातात.

वाड्यांच्या आत नवख्या पाहुण्याला दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे अंधार: उजेडाने कापडाचा आणि जलचित्रांचा रंग उडतो म्हणून पडदे ओढलेले असतात. दुसरी म्हणजे खुर्चीवर ठेवलेले काटेरी बोंड किंवा पाइनचे फळ. ‘बसू नका’ अशी पाटी लावण्याऐवजी ट्रस्टने काढलेली ही युक्ती. दालनांत उभे असलेले बहुतेक लोक बिनपगारी स्वयंसेवक असतात. त्यांना विचारले तर पाटीवर नसलेले बरेच कळते. नॅशनल ट्रस्टचे सदस्यत्व असल्यास हार्डविक, केडल्स्टन आणि कॅल्कला वेगळे तिकीट लागत नाही. चॅट्सवर्थ व हॅडन त्यात येत नाहीत. हिवाळ्यात अनेक दालने बंद असतात, म्हणून तारखा पाहूनच निघावे. मे महिन्यात गेल्यास टिसिंग्टन गाव चुकवू नये: येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला तिथल्या विहिरी सजवतात. ओल्या मातीने लिंपलेल्या फळ्यांवर फुलांच्या पाकळ्या एकेक करून दाबून चित्रे काढली जातात आणि ती आठवडाभर विहिरींपाशी उभी असतात.