स्टँडबायमध्ये बॅटरी उतरते ती कुठे? एकेका रात्रीत शोध कसा घ्यायचा

रात्री अकराला ९० टक्क्यांवर असलेला फोन सकाळी सातला ६५ वर दिसतो. मधल्या वेळात स्क्रीन बंद होती, कोणी हातही लावलेला नाही. अशा वेळी बहुतेक जण बॅटरीला दोष देतात आणि ती बदलायच्या तयारीला लागतात. त्याआधी एक साधा हिशेब करून पाहावा.

बॅटरी ४००० मिलिअँपिअर-तासांची धरू. २५ टक्के म्हणजे १००० मिलिअँपिअर-तास. ते आठ तासांत गेले, म्हणजे फोन रात्रभर सरासरी १२५ मिलिअँपिअर प्रवाह ओढत होता. धडधाकट फोन नेटवर्कला जोडलेला राहूनही स्क्रीन बंद असताना साधारण १० ते १५ मिलिअँपिअरमध्ये भागवतो आणि रात्रीत त्याचे दोन-तीन टक्के जातात. वरचे ११० मिलिअँपिअर कोण घेतंय, हा खरा प्रश्न आहे. चांगली लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवून दिली तर तिला इतके टक्के गमवायला आठ तास नाही, काही महिने लागतात. बॅटरी जुनी झाली असेल तर प्रत्येक खर्च टक्क्यांत थोडा मोठा दिसतो, इतकंच. ४००० ची क्षमता २८०० वर आली तर रात्रीचे दोन टक्के जेमतेम तीन होतील. दोनाचे पंचवीस होत नाहीत. ते झाले असतील तर फोनमध्ये काहीतरी जागं आहे.

स्टँडबाय म्हणजे फोन पूर्ण बंद नसतो. मुख्य प्रोसेसरचे गाभे (कोर) वीज तोडून झोपवलेले असतात. रॅममधला मजकूर टिकावा म्हणून ती स्वतःचं स्वतः रिफ्रेश करत राहते. घड्याळाचं सर्किट चालू असतं. मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणारी चिप, मात्र ठरावीक अंतराने, बहुधा सेकंद-दोन सेकंदांनी, काही मिलिसेकंदांसाठी उठतो, टॉवरकडून आपल्या नावाची हाक आली आहे का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. कॉल येतो तो या ऐकण्यामुळेच. वायफायची चिपही अशीच. राउटर साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपल्या अस्तित्वाची खूण पाठवतो आणि चिप त्यातल्या काही निवडक खुणांना उठते. हे सगळं मिळूनही खर्च किरकोळ राहतो, कारण प्रत्येक घटक कमालीचा कमी वेळ जागा असतो.

बॅटरी वाचते ती झोपेच्या लांबीमुळे. समजा झोपेतला खर्च ८ मिलिअँपिअर आहे आणि एखाद्या ॲपने प्रोसेसर व रेडिओ उठवले की तो २५० वर जातो. हे ॲप दर पाच मिनिटांनी २० सेकंदांसाठी उठवत असेल तर फोन फक्त सात टक्के वेळ जागा असतो, तरी सरासरी २४ मिलिअँपिअरवर जाते, म्हणजे आठ तासांत जवळजवळ पाच टक्के. तेच काम दर १५ मिनिटांनी केलं तर पावणेतीन टक्क्यांत भागतं. यात डेटा किती आला याला फारसं महत्त्व नाही. दोन ओळींचा संदेश आणला तरी मोडेम त्यानंतर आणखी काही येईल या अपेक्षेने काही सेकंद, अनेक नेटवर्कवर दहाएक सेकंद, पूर्ण तयारीत जागा राहतो. मोठी फाइल एकदाच उतरवणं स्वस्त पडतं, चिमूटभर माहिती शंभरदा आणणं महाग.

हा शोध घेताना एका रात्रीत एकच गोष्ट बदलायची. पाच सेटिंग एकदम बंद केली आणि खर्च थांबला, तर कशाने थांबला ते कळत नाही, आणि आठवड्याने पाचही पुन्हा चालू केलेली असतात. मोजताना सुरुवात १०० टक्क्यांवरून करू नये. वरच्या टोकाला आकडा बराच वेळ अडकून राहतो आणि फसवतो. ८० ते ९० च्या दरम्यान चार्जर काढावा, फोन रोज त्याच जागी ठेवावा आणि किमान आठ तास मोजावं. तास-दीड तासाच्या मोजणीत एका टक्क्याची चूकसुद्धा निकाल फिरवते.

आधी फोन रीस्टार्ट करून एक रात्र नेहमीप्रमाणे जाऊ द्यावी. खर्च एकदम सुधारला तर एखादी प्रक्रिया अडकून बसली होती असं समजावं. काही दिवसांनी दुखणं परतलं, तर त्या दिवसांत कोणतं ॲप उघडलं होतं ते आठवावं. सिस्टिमचा मोठा अपडेट नुकताच झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबावं. त्या काळात फोन फोटो आणि फायली नव्याने चाळून त्यांची सूची बनवतो, ॲप नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार (कंपाइल) करतो आणि मग आपोआप शांत होतो.

दुसऱ्या रात्री विमान मोड. हल्लीचे बरेच फोन विमान मोडमध्येही वायफाय किंवा ब्लूटूथ चालू ठेवतात, म्हणून ते वेगळे बंद केल्याची खात्री करावी. आता निरोगी फोनचे रात्रीत एक-दोन टक्के जातील. खर्च इतका खाली आला तर कारण नेटवर्कशी संबंधित आहे. तो तसाच राहिला तर नेटवर्कला हात न लावता कोणीतरी प्रोसेसर जागा ठेवतंय. मग तिसऱ्या रात्री अँड्रॉइडवर सेफ मोड वापरावा, ज्यात आपण टाकलेली ॲप चालतच नाहीत. सेफ मोडमध्ये खर्च थांबला, तर दोषी आपल्याच यादीत आहे. चौथ्या रात्री फोन पूर्ण बंद. सकाळी सुरू करताना एखादा टक्का जातो, तो सोडून द्यावा. बंद फोनचेही पाच-दहा टक्के गेले, तर सेटिंग चाळत बसण्यात अर्थ नाही, कारण गळती बोर्डात, चार्जिंग पोर्टमध्ये किंवा बॅटरीतच आहे.

नेटवर्ककडे बोट गेलं, तर आधी सिग्नल पाहावा. कमकुवत सिग्नलमध्ये मोडेमला जास्त ताकदीने प्रक्षेपण करावं लागतं आणि टॉवर पुन्हा पुन्हा शोधावे लागतात. त्याहून वाईट स्थिती म्हणजे सिग्नलच नसणं, कारण तेव्हा शोध संपतच नाही. दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमला त्या जागी सेवा मिळत नसेल, तर ते सिम सेटिंगमधून बंद करून एक रात्र पाहावी. या कारणाकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. फाइव्ह-जीचा सिग्नल काठावर असेल आणि फोन सारखा फोर-जीवर ये-जा करत असेल, तर फोर-जीवरच बांधून ठेवावा. घरात वायफाय चांगलं असेल आणि कंपनी सोय देत असेल तर वायफाय कॉलिंग चालू ठेवावं. एक वेगळी शक्यता राउटरचीही असते. त्याच नेटवर्कवरचे टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे सगळ्यांना उद्देशून सतत संदेश सोडत असतात आणि प्रत्येक संदेशाला फोनची वायफाय चिप उठते. खर्च एका घरात होतो आणि दुसऱ्या घरात होत नाही, असं दिसलं की हे कारण तपासावं.

ॲपवर संशय असेल तर बॅटरीच्या पानावर टक्क्यांपेक्षा वेळ वाचावा. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपपुढे स्क्रीनवर किती वेळ आणि पार्श्वभूमीत किती वेळ, असे दोन आकडे असतात. आयफोनच्या बॅटरी पानावरही पार्श्वभूमीचा वेळ वेगळा दिसतो. दिवसात चार मिनिटं उघडलेलं ॲप पार्श्वभूमीत पाच तास चाललं असेल, तर दुसरा पुरावा नको. अँड्रॉइडमध्ये ॲपला ‘मला काम आहे, झोपू नकोस’ असं प्रोसेसरला सांगता येतं. या विनंतीला वेकलॉक म्हणतात. काम झाल्यावर ती सोडायची असते. सोडायची राहून गेली की फोन रात्रभर जागा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून डोझ नावाची व्यवस्था आली. फोन बराच वेळ हलला नाही की ती ॲपच्या विनंत्या दूर ठेवते आणि मधूनमधून एक छोटी खिडकी उघडून सगळ्यांची कामं एकत्र उरकते. पण बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ज्या ॲपला सूट दिली आहे त्याला डोझचे बरेच निर्बंध लागू होत नाहीत. म्हणून सूट मिळालेल्यांची यादी एकदा उघडून बघाच. तिथे अनेकदा असं एखादं नाव सापडतं, ज्याला आपण कधीतरी घाईत ‘परवानगी द्या’ म्हटलेलं असतं.

फोन खरंच झोपला का, हे तपासायला दोन घड्याळं उपयोगी पडतात. सुरू झाल्यापासूनचा एकूण वेळ आणि त्यातला गाढ झोपेचा वेळ, असे दोन्ही आकडे दाखवणारी माहिती-ॲप मिळतात. आठ तासांच्या रात्रीत गाढ झोप सात तासांहून जास्त भरली पाहिजे. ती दोन तास भरली असेल तर प्रोसेसर जागा आहे हे नक्की. झोप भरपूर आणि तरी खर्च जास्त, असं असेल तर रोख मोडेम, वायफाय किंवा सतत चालू राहणाऱ्या डिस्प्लेकडे वळवावा.

दोषी ॲप सापडलं की त्याचा पार्श्वभूमीतला वापर बंद करावा किंवा ते काढून टाकावं. मेल दर पाच मिनिटांनी तपासायला लावू नये, पुश ठेवावं, म्हणजे मेल आली की सर्व्हरच फोनला कळवतो. पुशमध्ये सगळ्या ॲपसाठी सिस्टिम एकच जोडणी जागती ठेवते. अलीकडच्या ॲपची यादी दिवसातून दहादा पुसून टाकायची सवय मात्र सोडावी. पुसलेली बरीच ॲप परत शून्यापासून सुरू होतात आणि त्यात जास्त वीज जाते. ‘बॅटरी वाचवतो’ म्हणणारी बूस्टर ॲप तर सरळ काढून टाकावीत. ती स्वतःच पार्श्वभूमीत बसलेली असतात.

लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी आहे. जुन्या पद्धतीच्या झोपेत, म्हणजे एस-थ्री स्थितीत, रॅम सोडून जवळजवळ सगळ्याची वीज तुटते आणि अर्ध्या वॅटच्या आसपास खर्च होतो. ५० वॅट-तासांच्या बॅटरीचे आठ तासांत आठ टक्के. नव्या अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये ही स्थितीच नसते. तिथे मॉडर्न स्टँडबाय असतं, ज्यात यंत्र फोनसारखं अर्धवट जागं राहून नेटवर्क सांभाळतं. सगळे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे एकेक भाग चालवणारी सॉफ्टवेअर, नीट वागले तर ते उत्तम चालतं. एकाने जरी झोपायला नकार दिला तरी खर्च पाच वॅटवर जातो, सकाळपर्यंत ४० वॅट-तास संपतात आणि बॅगेत ठेवलेलं यंत्र हाताला चटका देतं.

आपल्या यंत्रात कोणती झोप आहे हे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा पुढे तिरकी रेघ आणि ‘ए’ अक्षर जोडून (powercfg /a) दिली की कळतं. तीच आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत ‘स्लीपस्टडी’ जोडून (powercfg /sleepstudy) दिली, तर मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रावर मागच्या काही दिवसांतल्या प्रत्येक झोपेचा अहवाल तयार होतो. त्यात सॉफ्टवेअरच्या बाजूने किती टक्के वेळ झोप लागली आणि हार्डवेअरच्या बाजूने किती, हे वेगवेगळं दिलेलं असतं. सॉफ्टवेअर ९८ आणि हार्डवेअर १० असं दिसलं तर दोष ॲपचा नाही. एखादी चिप किंवा तिचा ड्रायव्हर अडून बसलाय. ग्राफिक्स, वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर व बायोस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावेत, यूएसबीला लावलेलं सगळं काढून पुन्हा मोजावं. एवढं करून जमलं नाही, तर झाकण लावल्यावर हायबरनेट होईल असं सेटिंग ठेवावं. त्यात रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून वीज तोडली जाते, उघडताना थोडे सेकंद जास्त लागतात आणि रात्रीचा खर्च जवळपास शून्यावर येतो.

सुट्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांत, विशेषतः स्वतः जोडलेल्या सर्किटमध्ये, खर्च थेट मीटरने मोजता येतो, पण एक खोच आहे. मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर लावला की त्याच्या आतला रोध सर्किटच्या मार्गात येतो. सुरू होताना उपकरण मोठा प्रवाह मागतं, या रोधावर व्होल्टेज पडतं आणि उपकरण पुन्हा पुन्हा रीसेट होतं, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. म्हणून मीटरच्या दोन टोकांना समांतर एक वायर जोडून उपकरण सुरू करावं, ते झोपी गेलं की वायर काढून आकडा वाचावा. आकडा मिलिअँपिअरमध्ये आला तर आधी व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे सर्किटला ठरलेलं व्होल्टेज देणारा भाग, पाहावा. ७८०५ हा जुना, सर्वत्र मिळणारा रेग्युलेटर काही काम न करता स्वतःच पाचएक मिलिअँपिअर घेतो. म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास, आणि ९ व्होल्टची ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत संपली. एमसीपी १७०० सारखा भाग हेच काम दोन मायक्रोअँपिअरच्या आत करतो, मात्र त्याला सहा व्होल्टच्या वर इनपुट चालत नाही, त्यामुळे त्याच्यासोबत बॅटरीही बदलावी लागते. त्यानंतर वीज असल्याची खूण म्हणून लावलेला एलईडी काढावा आणि मायक्रोकंट्रोलरच्या मोकळ्या सोडलेल्या इनपुट पिनांना ठाम पातळी (हाय किंवा लो) द्यावी.

कधीकधी वीज जातच नाही, फक्त आकडा खोटा असतो. बॅटरीचा आलेख पाहावा. सलग उतार असेल तर खर्च खरा आहे. ४० वरून एका क्षणात १५, आणि चार्जर लावताच लगेच ३५, असा कडा दिसला तर मोजणारी चिप चुकली आहे किंवा सेलचा अंतर्गत रोध वाढला आहे. फोन आपोआप बंद होईपर्यंत एकदा वापरून, मग न तोडता १०० टक्के चार्ज केला की मोजणी बहुधा सुधारते. हा उपाय सारखा करू नये, पूर्ण रिकामं होणं लिथियम सेलला मानवत नाही. कडा तसाच राहिला तर बॅटरी बदलायची वेळ खरोखरच आली आहे.

बंद फोनही उतरत असेल तर टॉर्च मारून चार्जिंग पोर्टमध्ये हिरवट-पांढरा थर दिसतो का ते पाहावं. ओल शिरून तयार झालेल्या या थरातून प्रवाह झिरपतो. तो साफ करणं आणि बोर्डावरची गळती शोधणं हे दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे. पाठीचं झाकण उचललेलं किंवा स्क्रीन कडेने वर आलेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. मग मोजणी थांबवावी, चार्जर लावू नये, फोन दाबू किंवा उचकटू नये आणि त्याच दिवशी दुरुस्ती करणाऱ्याकडून बॅटरी काढून घ्यावी.