पासपोर्टच्या फोटोत हसायचं का नाही?

जुन्या फोटो स्टुडिओत आरशाशेजारी खिळ्याला एक काळा कोट अडकवलेला असायचा. सोबत गाठ मारून ठेवलेला टाय, दात पडलेला कंगवा आणि पावडरचा डबा. अंगात कसलाही शर्ट असो, वर तो कोट चढवला की 'पासपोर्ट साइज' फोटो तयार. काढून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पासपोर्ट कधी पाहिलेलाही नसे; फोटो हवा असे तो दहावीच्या फॉर्मला नाहीतर बँकेच्या खात्याला. नाव मात्र पासपोर्टचं.

खुद्द पासपोर्टवर फोटो येऊन फार काळ झालेला नाही. पहिल्या महायुद्धाआधी पश्चिम युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टशिवायच हिंडता येई. ज्यांच्याजवळ तो असे, त्यांच्या कागदावर चेहरा शब्दांत लिहिलेला असे: कपाळ रुंद, नाक मोठं, हनुवटी गोल, वर्ण अमुक. १९१५ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एका गृहस्थाचं तक्रारीचं पत्र छापून आलं. त्यांनी अर्जात आपला चेहरा 'बुद्धिमान' असल्याचं लिहिलं होतं, आणि कुणा अनोळखी कारकुनाने परस्पर तो 'लंबगोल' करून टाकला होता! गृहस्थांचा राग समजण्यासारखा आहे, पण बंदरावरच्या शिपायाला दोन्ही शब्द सारखेच निरुपयोगी.

किती निरुपयोगी, ते युद्धाने दाखवलं. कार्ल लोडी हा जर्मन हेर चार्ल्स इंग्लिस या अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये शिरला. कागद अस्सल, माणूस दुसराच. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच डिसेंबरात अमेरिकेने पासपोर्टसाठी फोटो सक्तीचा केला आणि पाठोपाठ १९१५मध्ये ब्रिटननेही. हिंदुस्थानातही पासपोर्टची सक्ती आली ती याच युद्धात.

सुरुवातीला फोटो कसा असावा याला फारसा धरबंध नव्हता. डोक्यावर हॅट चालायची, बायको-मुलांसह काढलेला फोटोही चालायचा. ऑक्टोबर १९२०मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि बत्तीस पानी पुस्तिकेचा नमुना ठरला. त्यात फोटोची जागा पक्की झाली. गंमत अशी, की ही सगळी भानगड तात्पुरती आहे, जग स्थिरस्थावर झालं की पासपोर्ट जातील, असंच तेव्हा अनेकांना वाटत होतं.

फोटो आला तरी शब्द लगेच गेले नाहीत. आपल्याकडच्या हाताने लिहिलेल्या जुन्या पासपोर्टांत उंची, डोळ्यांचा रंग आणि 'ओळखखूण' असे. घरोघरच्या पासपोर्टांत तीच वाक्यं: डाव्या गालावर तीळ, उजव्या भुवईवर व्रण. शाळेच्या कागदपत्रांतून आलेली आपली जुनीच सवय. फोटोला गोंद लागायचा, आणि जे चिकटवता येतं ते सोलताही येतं. म्हणून फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा उमटणारा शिक्का आला, मग वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, आणि शेवटी फोटो थेट कागदावरच छापला जाऊ लागला. हातलिखित पासपोर्टांना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २४ नोव्हेंबर २०१५पर्यंतचीच मुदत दिली होती.

आजच्या कटकटीची मुळं मात्र याच संघटनेच्या २००३च्या निर्णयात आहेत. पासपोर्टात बसवायच्या चिपवर ठेवायची मुख्य खूण कोणती: बोटांचे ठसे, डोळ्याचं बुबुळ की चेहरा? चेहरा निवडला गेला. ठशांना पोलीस चौकीचा वास येतो. चेहरा आपण सगळ्यांना दाखवतच असतो, शिवाय फोटो द्यायची लोकांना सवय होतीच. तेव्हापासून फोटो अधिकाऱ्यापेक्षा यंत्रासाठी जास्त काढला जाऊ लागला. यंत्र दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाची, ओठांची ठेवण मोजतं. हसलात की गाल वर सरकतात, डोळे बारीक होतात आणि मापं बिघडतात. म्हणून २००४मध्ये ब्रिटनने तोंड मिटून, निर्विकार चेहऱ्याने फोटो काढायला सांगितलं. काचेवर चमक येते, फ्रेम डोळ्यावर येते, म्हणून अमेरिकेने १ नोव्हेंबर २०१६पासून चष्मा बंद केला. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं आणि कान मागे जातात, तेही बाद.

आपल्याकडे या नियमांची पंचाईत वेगळीच. अमेरिकेच्या व्हिसाला फोटो दोन इंच चौरस, मागे पांढरं. मुलाकडे निघालेले आजोबा पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून स्टुडिओत येतात. टोपी काढावी लागते, कारण सूट आहे ती धर्मासाठी डोकं झाकणाऱ्यांना, आणि गांधी टोपी त्यात कशी बसवणार? सदरा मागच्या पडद्यात विरघळतो आणि फोटोत नुसतंच डोकं तरंगताना दिसतं. तेवढ्यात स्टुडिओवाला सवयीने संगणकावर सुरकुत्या पुसून आजोबांना दोन छटा गोरं करतो. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचे, आता माउस. हौसेने केलेलं हे काम नेमकं व्हिसाच्या फोटोला चालत नाही.

संगणकावर फोटो बदलणं म्हणजे केवळ सौंदर्यसाधना नव्हे. २०१८मध्ये जर्मनीत 'पेंग' नावाच्या कलावंत-कार्यकर्त्यांच्या गटाने एका कार्यकर्तीचा चेहरा युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणप्रमुख फेडेरिका मोघेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळला आणि त्या फोटोवर खरा पासपोर्ट मिळवून दाखवला. एक फोटो, दोन माणसं: लोडीचीच युक्ती, फक्त शंभर वर्षांनी सुधारलेली. १ मे २०२५पासून जर्मनीत घरून आणलेला छापील फोटो चालत नाही. तो सरकारी कचेरीत काढायचा, नाहीतर मान्यताप्राप्त स्टुडिओतून थेट डिजिटल पाठवायचा.

भारत या बाबतीत आधीच पुढे होता. पासपोर्ट सेवा केंद्रं २०१०पासून सुरू झाली आणि तिथे काउंटरवरच फोटो काढू लागले. लोक त्या फोटोला नावं ठेवतात, पण त्यात मिसळामिसळ करायला मध्ये कुणाचा हात नसतो. चिपचा पहिला भारतीय पासपोर्ट जून २००८मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना मिळाला होता. सामान्य माणसापर्यंत तो यायला एप्रिल २०२४ उजाडलं. पहिल्या प्रयोगात भुवनेश्वरबरोबर नागपूर होतं. पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात.

चार वर्षांखालच्या बाळांचा फोटो मात्र पालकांनीच न्यायचा असतो, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. त्यामुळे आजही स्टुडिओत पांढऱ्या चादरीवर बाळ निजवलेलं असतं, स्टुलावर चढून फोटोवाला खाली वाकलेला असतो आणि आई बाजूला खुळखुळा धरून उभी असते. खुळखुळा वाजवला नाही तर बाळ कॅमेऱ्याकडे बघत नाही. वाजवला की हसतं.