पैसा घरात येतो, पण कोणाच्या हातात?

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हापासून मुंबईच्या लोकलमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘पैसे नवऱ्याच्या खात्यात जावोत की बायकोच्या, घर तर एकच ना!’ अर्थशास्त्रही बराच काळ असंच मानत होतं. कुटुंबाचं मन एक, पाकीट एक, असं धरून गणितं मांडली जात. तपासून पाहिल्यावर मात्र हे गृहीतक टिकलं नाही.

अशा तपासण्यांतलं मला सगळ्यात आवडतं ते अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांचं दक्षिण आफ्रिकेतलं काम. वर्णभेदी राजवट संपत असताना तिथल्या कृष्णवर्णीय वृद्धांना भरीव पेन्शन मिळू लागली : बायकांना साठीपासून, पुरुषांना पासष्टीपासून. प्रश्न असा, की त्यातून नातवंडांचं पोषण सुधारलं का? पेन्शन येणारी आणि न येणारी घरं सरळ शेजारी ठेवून चालत नाही, कारण म्हातारी माणसं सोबत राहतात ती घरं मुळातच वेगळी, बहुधा जास्त गरीब असतात. इथे मुलांची उंची कामी आली. वजन आजारपणातही पटकन उतरतं. उंचीत मात्र पहिल्या काही वर्षांचं खाणंपिणं साठून राहतं. थोडी मोठी मुलं पेन्शन वाढण्याआधीच बरीचशी वाढून गेली होती, धाकटी मात्र नव्या पैशावर वाढत होती. म्हणून आधी मोठ्या मुलांमध्ये पेन्शनवाल्या आणि बिनपेन्शनच्या घरांतल्या उंचीचा फरक काढायचा, मग तोच धाकट्यांमध्ये. या दोन फरकांमधला फरक म्हणजे पेन्शनचा परिणाम. घरांचा मूळचा वेगळेपणा वजाबाकीत निघून जातो.

उत्तर २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पेन्शन आजीला मिळत असेल तर नातींची उंची आणि वजन दोन्ही सुधारलं. आजोबांना मिळत असेल तर तसा परिणाम दिसला नाही.

डुफ्लो यांच्यासोबत २०१९चं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मले. त्यांच्या आई निर्मला, माहेरच्या पाटणकर, स्वतः स्त्रियांच्या श्रमांवर काम केलेल्या अर्थतज्ज्ञ. हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.

आजीच्या पेन्शनच्या या उत्तरावरून ‘स्त्री जात्याच अन्नपूर्णा’ असा डंका पिटणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोरोक्कोत मुलांच्या शिक्षणासाठीची रक्कम चिठ्ठ्या टाकून काही ठिकाणी आईला, काही ठिकाणी वडिलांना दिली गेली. शाळेत टिकणाऱ्या मुलांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच वाढलं. पैसे ‘शिक्षणासाठी’ असं सांगूनच दिल्यामुळे घरात वाद घालण्याजोगं फारसं उरलं नसावं, असं मला वाटतं. कारण खरा खेळ घरातल्या वाटाघाटीचा आहे. स्वतःचं उत्पन्न असलं की बाईच्या ‘नाही’ला वजन येतं. गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, तिथे लाटण्याची मजुरी थेट लाटणारीच्या हाती येते, ती म्हणूनच महत्त्वाची.

लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये वयाच्या एकविसाव्या वर्षापासून मिळतात. म्हणजे धारावी-गोवंडीत एकवीस नुकतीच ओलांडलेली आई आणि एकविसाला काही महिने कमी असलेली आई अगदी शेजारीशेजारी राहत असणार. दोघींच्या मुलांची वजनं अंगणवाडीत नोंदवली जातात. ही तुलना कोणीतरी नीट करायलाच हवी.