एका वेलीच्या दोन काविळी

पावसाळा सुरू झाला की दादरच्या फुलबाजाराच्या कडेला, गवती चहा आणि कढीपत्त्याच्या शेजारी, करड्या कांड्यांच्या जुड्या दिसू लागतात. जुडीत पान नसतं, फूल नसतं. विकणारी बाई ‘गुळवेल’ म्हणते म्हणून ती गुळवेल. घेण्याआधी एक कांडी नखाने खरवडून पाहावी. वरची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवा थर दिसतो. मग सुरीने आडवा काप घ्यावा. मध्यापासून कडेपर्यंत सायकलच्या चाकासारखे आरे दिसतात. संस्कृतात या वेलीला ‘चक्रलक्षणिका’ म्हणतात ते यावरूनच. ‘छिन्नरुहा’ हे दुसरं नाव तिच्या चिवटपणाचं: तोडलेली कांडी नुसती कुंपणावर टाकली तरी ती दोऱ्यासारखी मुळं खाली सोडते आणि फुटते.

चव मात्र नावाला अजिबात न शोभणारी, गूळ नाही नि काही नाही. हा कडवटपणा मुख्यतः दोन प्रकारच्या रसायनांचा. बर्बेरीन, पामाटीन ही अल्कलॉइडं आणि टिनोस्पोरिन, कोलम्बिन ही डायटर्पीनं. कडू म्हणजे औषधी, हा आपला जुना समज. सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन कडू होतं आणि मलेरियावर चाललं, म्हणून प्रत्येक कडू काढा तापावर चालतो असं आपण धरून चालतो. जिभेला यातलं काहीच कळत नाही. माणसाकडे कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत, आणि त्यांचं मूळ काम विषाची वर्दी देणं हे आहे.

गुळवेलीचा खरा अभ्यास मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात झाला. पित्तनलिका खड्याने किंवा गाठीने बंद झाली की होणाऱ्या काविळीत यकृतातल्या भक्षकपेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, मंदावतात, जंतू रक्तात पसरतात आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण हातचा जातो. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार दिले, एका गटाला त्याखेरीज गुळवेलीचा पाण्यातला अर्क. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, गुळवेल गटात एकाच्याही नाही. तीस रुग्ण म्हणजे मोठा आकडा नव्हे. पण मंदावलेल्या भक्षकपेशी गुळवेलीने जाग्या होतात, हा धागा तिथून पक्का झाला. पुढे नाकाच्या ॲलर्जीच्या ७५ रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तिथेही शिंका आणि नाक गळणं कमी झालं.

आता २०२० चा सप्टेंबर ते डिसेंबर. शहर तेच. करोनाच्या धास्तीने घरोघरी काढे उकळत होते, आणि यकृततज्ज्ञांकडे सहा जण कावीळ घेऊन आले. विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह, सामाईक गोष्ट एकच: गुळवेल. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर चित्र ऑटोइम्यून हेपटायटिससारखं, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच यकृतावर तुटून पडलेल्या. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाचा मध्यक ४६ दिवस होता, म्हणजे साधारण निम्म्यांना त्याआधी लक्षणं दिसली, निम्म्यांना नंतर. बऱ्याच जणांना आधीपासून यकृताचा आजार होता, काहींचा तोवर कधी लक्षातही आलेला नव्हता.

या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. पहिल्या काविळीत प्रतिकारशक्ती झोपलेली होती, तिला उठवणं हाच उपचार होता. दुसऱ्या काविळीत ती बहुधा आधीच अर्धवट जागी आणि चुकीच्या दिशेला तोंड करून बसलेली होती. ‘इम्युनिटी वाढवा’ या जाहिरातीतली खोट इथे आहे: ती रेडिओचा आवाज वाढवावा तशी नुसती वाढत नाही, कोणावर वाढते हेही पाहावं लागतं.

आयुष मंत्रालयाने तेव्हा आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती हे सिद्ध झालेलं नाही. तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा घेतली गेली असेल. आक्षेप अगदीच पोकळ नाही, कारण क्रिस्पा यकृताला अपाय करते हे माहीत आहे. फरक डोळ्यांनी दिसतो. क्रिस्पाच्या खोडावर ठसठशीत गाठी असतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येतो. गुळवेलीला चीक नसतो, आणि खोडावर असलेच तर बारीक खरखरीत ठिपके असतात. क्रिस्पाचं फळ लंबगोल, नारिंगी. गुळवेलीचं वाटाण्याएवढं गोल आणि लालभडक. मात्र हा आक्षेप धरूनही गुळवेल निर्दोष ठरत नाही. दोघींमध्येही फ्युरॅन नावाचं अणूंचं कडं असलेली डायटर्पीनं आहेत. अशीच रसायनं जर्मॅन्डर या युरोपी वनस्पतीत असतात. वजन उतरवायचा चहा म्हणून ती फ्रान्समध्ये खपत होती आणि यकृताचे रुग्ण वाढल्यावर १९९२ साली तिथे तिच्यावर बंदी आली. यकृतातली विकरं (एन्झाइम) हे फ्युरॅनचं कडं उघडतात आणि त्यातून बनलेला तुकडा पेशीतल्या प्रथिनांना चिकटून बसतो, हे जर्मॅन्डरच्या बाबतीत प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

मात्रेत तर सगळ्यात जास्त घोळ होतो. आयुर्वेदिक औषधकोशात सुक्या खोडाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम खोड अशी आहे. २० ग्रॅम भरड, आठपट म्हणजे १६० मिली पाणी, मंद आचेवर चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, ४० मिली हाती येतं. घरात होतं काय, तर हातभर वेल लिटरभर पाण्यात, शिवाय सकाळी बाटलीतला रस, शिवाय रात्री अर्काची गोळी. तिन्हींवर नावं वेगळी, आत गुळवेलच. आणि अर्काच्या गोळीतलं अर्धं ग्रॅम म्हणजे अर्धं ग्रॅम खोड नव्हे. ते किती खोडापासून काढलं हे वेष्टनावर वाचावं लागतं. तिथे लिहिलेलं नसेल तर ती गोळी दुकानातच ठेवावी.

गुळवेल सत्त्व ही त्या मानाने सौम्य चीज. ओल्या कांड्या ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, कुस्करून गाळायच्या, पाणी निवळलं की वरचं अलगद ओतून तळाचा पांढरा साका सुकवायचा. हा साका जवळजवळ सगळा स्टार्च असतो. कडू द्रव्यं बरीचशी ओतलेल्या पाण्याबरोबर जातात. म्हणूनच मैदा किंवा दुसरं पीठ मिसळलं तरी पटकन कळत नाही.

मुंबईची हवा ही आणखी एक अडचण. जुलैत कांड्या डब्यात बंद केल्या की आठवड्यात आतून बुरशी धरते. कापावर काळे डाग, कुबट वास आला तर फेकाव्यात, धुऊन उन्हात टाकून उपयोग नाही. रेल्वेच्या कुंपणावरची, नाल्याकाठची वेल फुकट मिळते, पण तिच्यावर धूर, काजळी आणि कीटकनाशकाची फवारणी सगळं बसलेलं असतं. राष्ट्रीय उद्यानातून तोडणं तर बेकायदाच. कुंडीत एक कांडी लावावी, वर्षभरात बाल्कनी भरते.

डेंग्यूत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांबरोबर गुळवेल देण्याची चाल आहे, तिच्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: देऊ नये. डेंग्यूत यकृताची एसजीओटी, एसजीपीटी ही विकरं तशीही चढलेली असतात, वर पॅरासिटामॉल चालू असतं. आकडे वाढले तर दोष कोणाचा हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यानंतर ताप चढला तर काढ्यावर दोन दिवस घालवणं त्याहून वाईट, कारण लेप्टोमध्ये (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये) तेच दोन दिवस मोलाचे असतात.

ल्युपस, संधिवात, ऑटोइम्यून थायरॉइड असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी, यकृताचा कोणताही आजार असलेल्यांनी आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी गुळवेल टाळावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर अचानक उतरू शकते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद.

बाकीच्यांनी घेतलीच तर लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावं. पुरेसं पाणी पिऊनही ती गडद पिवळी होऊ लागली, जेवणावरची वासना उडाली, अंगाला खाज सुटली, तर डोळे पिवळे होण्याची वाट न बघता काढा त्याच दिवशी थांबवावा आणि बिलिरुबिन, एसजीपीटी तपासून घ्यावं. वेळीच थांबवल्यास बहुतेकांचं यकृत पूर्ववत होतं. दवाखान्यात जाताना बाटली, गोळ्यांची पट्टी आणि उरलेली कांडी बरोबर न्यावी. डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत’ विचारलं की घरचा काढा हमखास सांगायचा राहतो.