शेल स्क्रिप्टमधील अंकगणित

शेल स्क्रिप्टमधील अंकगणित : वापरकर्त्याने टंकलेल्या संख्यांवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार इ. क्रिया युनिक्स व तत्सम कार्यप्रणालींच्या शेलमधून, म्हणजे आज्ञा वाचून बजावणाऱ्या कार्यक्रमातून, करण्याची पद्धती. शेलसाठी फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिकेला स्क्रिप्ट म्हणतात. शेलच्या लेखी चलात साठवलेले सारे काही अक्षरमाला असते. १२ हीदेखील दोन चिन्हांची जोडीच. तिला संख्या कोणी मानायचे, शेलने की शेलबाहेरच्या एखाद्या आज्ञेने, या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि आज आढळणाऱ्या निरनिराळ्या लेखनपद्धती त्यांतूनच उरलेल्या आहेत.

युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ मध्ये प्रसृत झालेल्या, स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये अंकगणित अंगभूत नव्हते. ते काम एक्स्प्र ही स्वतंत्र आज्ञा करी. तिचा उगम काही संकलनांत आठव्या आवृत्तीत दाखवला जातो; परंतु सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेतच ती असल्याने हे मत टिकत नाही. ती त्याआधीच्या पीडब्ल्यूबी (प्रोग्रामर्स वर्कबेंच) युनिक्समध्ये प्रथम आली, हे बीएसडी (बर्कली येथील युनिक्स) परंपरेतील पुस्तिकांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. एक्स्प्रला प्रत्येक संख्या व चिन्ह यांमध्ये मोकळी जागा लागते. गुणाकाराची तारका तर शेल आधीच फाइलनावांचा नमुना समजून उलगडून टाकते, म्हणून तिच्यापूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. उत्तर शून्य आल्यास ही आज्ञा निर्गमन-स्थिती (काम संपताना शेलला कळवलेला अंक) १ परत करते; शेल तिचा अर्थ अपयश असा घेते, आणि चूक आढळताच थांबण्याची सूचना दिलेली स्क्रिप्ट बिनचूक हिशेबावरही बंद पडते.

बेल लॅबोरेटरीजमधील डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने, जे १९८३ मध्ये जाहीर झाले, लेट ही आज्ञा आणून अंकगणित शेलच्या आत घेतले. पुढे युनिक्ससदृश कार्यप्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाच्या प्रारंभिक मसुद्यांत $[ ] अशी चौकटी कंसाची रचना सुचवली होती. १९८८ च्या कॉर्न शेलमध्ये $(( )) ही रचना असताना आणखी एक कशाला, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. शिवाय चौकटी कंसाची केस विधानातील (मजकूर नमुन्यांशी ताडून पुढची कृती ठरवणाऱ्या विधानातील) नमुन्यांशी किरकोळ विसंगतीही होती. अखेर १९९२ च्या मानकात दुहेरी कंस स्थिरावले. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या व १९८९ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या बॅश या शेलमध्ये चौकटी कंस अद्याप चालतात, मात्र ते कालबाह्य मानले जातात.

प्रत्यक्ष स्क्रिप्टमध्ये रीड आज्ञेने दोन चले भरून त्यांची बेरीज दुहेरी कंसात मांडली की काम होते. हिशेब पूर्णांकांतच होतो : $((७/२)) चे उत्तर ३ येते, तर $((-७/२)) चे -३, म्हणजे अपूर्णांक शून्याच्या दिशेने छाटला जातो. आजच्या बॅशमध्ये ९२२३३७२०३६८५४७७५८०७ या संख्येत १ मिळवल्यास कोणतीही सूचना न देता ऋण संख्या हाती येते. आरंभीचे शून्य अष्टमान पद्धती दर्शवते. त्यामुळे ०१० म्हणजे आठ होतात आणि ऑगस्टचा महिना म्हणून टंकलेले ०८ चूक ठरते, कारण अष्टमानात आठ हा अंकच नाही. बॅशमध्ये संख्येपूर्वी १०# लिहून हे टाळता येते.

आदान, म्हणजे वापरकर्त्याने टंकलेला मजकूर, तपासण्याकडे प्राथमिक मार्गदर्शनात बहुधा दुर्लक्ष होते. संख्येऐवजी रोमन लिपीतील शब्द टंकल्यास बॅश त्याला चलाचे नाव समजते आणि तसे चल नसल्यास शून्य धरून निमूट पुढे जाते. ॲरेच्या (एकाच नावाखालील मूल्यांच्या यादीच्या) निर्देशांकात आज्ञा दडवलेला मजकूर आला, तर हिशेब करता करता ती आज्ञाही बजावली जाते. हा दोष गंभीर आहे. म्हणून अंकांखेरीज एकही चिन्ह आढळल्यास आदान नाकारणारे केस विधान आधी लिहिणे इष्ट. या नोंदीत देवनागरी अंक छापले असले, तरी शेलला ते अंक म्हणून कळत नाहीत. ‘१२’ असे मराठी कळफलकावरून टंकल्यास बॅश वाक्यरचनेची चूक दाखवते.

दशांश अपूर्णांकांसाठी लोरिंडा चेरी व रॉबर्ट मॉरिस यांच्या बीसी या आज्ञेकडे पदावली पाठवतात. तिच्यात दशांश स्थळांची संख्या ठरवणारे स्केल हे चल २ ठेवल्यास सात भागिले दोनचे उत्तर ३.५० असे मिळते. दोन भागिले तीनचे मात्र .६६ येते, कारण तेथेही पुढचे अंक छाटलेच जातात.