क्षयरोग : एक्स-रेचे संगणकीय वाचन

छातीच्या डिजिटल एक्स-रेमध्ये क्षयाच्या (टीबीच्या) खुणा आहेत का, हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीकडून तपासून घेण्याची पद्धत. प्रणाली चित्र वाचून एक गुण देते. तो ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर त्या व्यक्तीची थुंकी पुढच्या चाचणीला पाठवतात. हे निदान नव्हे, चाळणी आहे. निदान थुंकीत जंतू सापडल्यावरच पक्के होते. १५ वर्षे व त्याहून मोठ्या व्यक्तींच्या तपासणीत डॉक्टरी वाचनाऐवजी अशी प्रणाली वापरता येईल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये केली.

या पद्धतीची निकड भारतात विशेष आहे, कारण जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश इथले आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात घरोघरच्या लोकांना लक्षणे विचारली आणि त्यांचा एक्स-रेही काढला. केवळ लक्षणांवर विसंबले असते, तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. म्हणजे खोकला नाही, ताप नाही, तरी फुप्फुसात रोग आहे, अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. त्यांना गाठायचे तर हजारो लोकांचे एक्स-रे काढावे लागतात, आणि ते वाचणारे रेडिओलॉजिस्ट तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसतात.

प्रणाली शिकते ती उदाहरणांवरून. क्षय असलेल्या व नसलेल्या लोकांची असंख्य चित्रे तिला दाखवली जातात. फुप्फुसाच्या वरच्या भागातले पांढुरके डाग, पोकळ्या, छातीत साठलेले पाणी यांचे आकार ती हळूहळू ओळखू लागते. बऱ्याच प्रणाली संशयित भाग चित्रावर रंगवून दाखवतात. पण ती नेमके काय शिकली, हे पडताळावेच लागते. न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रणालीवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे, हेही ती प्रणाली ओळखत होती. तंत्रज्ञ एक्स-रे काढताना चित्राच्या कोपऱ्यात धातूची खूण ठेवतात, ती तिला पुरेशी होती. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण जास्त, म्हणून तिथल्या चित्राला जास्त गुण! फुप्फुस बाजूलाच राहिले. अशी प्रणाली दुसऱ्या गावी नेली की ती फसते. म्हणून ज्या लोकांत वापरायची, त्यांच्याच चित्रांवर ती आधी तपासणे अत्यावश्यक आहे.

ही कसोटी ढाक्यात चांगली लागली. तिथल्या क्षयरोग केंद्रांत आलेल्या २३,९५४ जणांच्या एक्स-रेंवर पाच प्रणालींची तुलना झाली व निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचही प्रणाली तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरल्या. त्यांत मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची क्यूएक्सआर ही प्रणालीही होती. मात्र वयस्कर लोकांत आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांत पाचही प्रणाली कमी पडल्या. हे स्वाभाविक आहे. बरा झालेला क्षयही फुप्फुसावर व्रण ठेवून जातो, आणि केवळ चित्रावरून जुना व्रण व नवा रोग यांत फरक करणे अनुभवी डॉक्टरलाही जड जाते. दगडखाणीत काम करणाऱ्यांच्या सिलिकोसिसमुळेही (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगामुळेही) असाच घोटाळा होतो.

डिसेंबर २०२४ मध्ये देशातल्या ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे या प्रणालींसह वापरली गेली. अशी काही यंत्रे साडेतीन किलो वजनाची असतात, त्यामुळे ती वस्तीपर्यंत पोचतात. पुढची थुंकीची चाचणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर होते; ही यंत्रे थुंकीतल्या क्षयजंतूंची जनुके शोधतात. ट्रूनॅट हे गोव्यातील मोलबायो कंपनीचे यंत्र असून बॅटरीवर चालते.

साऱ्या पद्धतीत सर्वांत नाजूक बाब म्हणजे गुणांची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी, की प्राथमिक चाळणीत १०० पैकी ९० रुग्ण सापडावेत आणि रोग नसलेल्या १०० पैकी ७० जण वगळले जावेत. समजा, १,००० जणांत २० रुग्ण आहेत. या हिशेबाने १८ सापडतील, २ निसटतील आणि ९८० निरोगींपैकी २९४ जणांची थुंकी विनाकारण तपासली जाईल. तरीही १,००० ऐवजी ३१२ चाचण्यांत काम भागते. महागड्या काडतुसांवर (यंत्रात घालायच्या, एकदाच वापरता येणाऱ्या डब्यांवर) चालणाऱ्या चाचणीच्या बाबतीत ही बचत मोठीच आहे. मर्यादा खाली आणली तर ते दोघेही कदाचित सापडतील, पण चाचण्या वाढतील. वर नेली तर चाचण्या वाचतील आणि रुग्ण सुटतील. ही मर्यादा किती ठेवायची, हे प्रणाली सांगू शकत नाही. तिथला रोगाचा प्रसार, काडतुसांचा साठा आणि किती रुग्ण सुटलेले चालतील, याचा विचार करून ती जिल्ह्याच्या क्षयरोग कार्यक्रमाने ठरवायची असते. एका कंपनीची मर्यादा दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीला लावता येत नाही. त्याच प्रणालीची नवी आवृत्ती आली तरी गुणांची विभागणी बदलते, आणि जुन्याच आकड्यावर काम चालू ठेवल्यास कुणाच्या लक्षात न येता रुग्ण वगळले जाऊ शकतात. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर मर्यादा थुंकीच्या निकालांशी ताडून पुन्हा ठरवावी लागते.